ब्लॅक अँड व्हाईट सस्पेन्स सिनेमे बघायचेत? सुरुवात कुठून करायची, कशी करायची

"जुने सिनेमे फार स्लो असतात गं, मला झोप येते" असं म्हणणारे लोक मला सतत भेटतात, आणि नीट विचारलं की कळतं त्यांनी कुठलीतरी खराब प्रिंट मोबाईलवर, भर दुपारी, जेवता जेवता लावली होती. तसं बघितलं तर झोप येणारच ना. हे सिनेमे अंधाऱ्या थिएटरसाठी काढलेले आहेत, त्यातली अर्धी गोष्ट सावलीत ठेवलेली असते, आणि ती सावलीच दिसत नसेल तर उरतं काय, तर फक्त बोलणारी माणसं.

मला स्वतःला कुणी क्रम सांगितला नव्हता, जे हाताला लागेल ते बघत गेले आणि हळूहळू कळलं की या सिनेमांत शिरायचे काही दरवाजे सोपे आहेत आणि काही उगाच अवघड. नंतर घरच्यांना, मैत्रिणींना, कॉलेजमधल्या भाच्याला दाखवताना हाच क्रम पक्का होत गेला. ज्यांनी एकही असा सिनेमा पूर्ण बघितलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. जाणकारांनी यादीत भर घालावी, पण नवख्या माणसावर एकदम पन्नास नावं फेकू नयेत एवढी विनंती.

आधी जमवाजमव : काय काय लागेल

- टीव्ही किंवा लॅपटॉप. मोबाईल नको, खरंच नको.
- पूर्ण अंधार करता येईल अशी खोली, नाहीतर सरळ रात्रीची वेळ.
- साधे पण बरे हेडफोन किंवा एक स्पीकर. आवाज मोनोच असणार, त्यामुळे महागड्या साऊंड सिस्टिमची काही गरज नाही.
- परदेशी सिनेमा असेल तर सबटायटल, आणि ती आवाजाशी जुळतायत का हे आधीच पाच मिनिटं तपासून ठेवा.
- सलग वेळ. हिंदीला अडीच तास धरा, अमेरिकन बहुतेक पावणेदोन तासांत संपतात.
- मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायची तयारी.

१. सिनेमा निवडण्याआधी प्रिंट निवडा

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९६४ पर्यंतचे हिंदी-मराठी सिनेमे आता त्यातून मोकळे झालेत. त्यामुळे यूट्यूबवर एकाच सिनेमाच्या पाच-सहा कॉप्या सापडतात आणि त्यातली पहिली दिसते ती चांगली असेलच असं अजिबात नाही. कुणी गाणी कापलेली असतात, कुणी मधला एक तुकडा उडवलेला असतो, कुणी कोपऱ्यात एवढा मोठा लोगो चिकटवलेला असतो की खलनायक त्याच्या मागे लपतो.

पूर्ण आहे की नाही हे ओळखायची एक छान युक्ती आहे. भारतीय सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं ना, ते पळवू नका, तिथे थांबवा. त्यावर सिनेमाची लांबी फुटांत किंवा मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिलीमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट सरकते, म्हणजे साधारण २७ मीटर. लांबीला त्याने भागा की मूळ सिनेमा किती मिनिटांचा होता ते कळतं. समजा १३,५०० फूट लिहिलंय तर १५० मिनिटं झाली पाहिजेत, आणि तुमच्या समोरची कॉपी १२२ मिनिटांची असेल तर ती सोडा आणि दुसरी शोधा. सस्पेन्समध्ये गेलेली पाच मिनिटं कधीकधी नेमकी तीच असतात ज्यात धागा ठेवलेला असतो.

दुसरी तपासणी म्हणजे काळेपणा. रात्रीचा एखादा सीन काढून बघा. काळ्या भागात थोडं थोडं काही दिसतंय का, भिंत, पडद्याची घडी, कोटाची बाही? की सगळा एकच काळा ठोकळा झालाय? ठोकळा असेल तर ती कॉपी व्हिडिओ कॅसेटवरून केलेली असणार, सोडून द्या.

आणि रंगवलेली आवृत्ती घेऊ नका. काही जुने सिनेमे नंतर कॉम्प्युटरवर रंगीत केले गेलेत. सामाजिक किंवा पौराणिक सिनेमात एखाद्याला ते आवडेलही, पण सस्पेन्समध्ये कॅमेरामननं करड्या रंगाच्या वीस छटांमध्ये जे मांडलेलं असतं ते गुलाबी गाल आणि निळी भिंत आली की मोडतंच.

२. टीव्हीची सेटिंग बदला

दोन मिनिटांचं काम आहे पण फरक फार पडतो.

पिक्चर मोड "व्हिविड" वर असेल तर तो "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" वर आणा. मोशन स्मूदिंग नावाचं जे काही असेल (प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं) ते बंद करा, कारण सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा त्याने मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे झूम. जुना पडदा बहुतेक वेळा जवळजवळ चौकोनी असायचा, १.३७ ला १, त्यामुळे टीव्हीवर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येणार. त्या येऊ द्या! त्या घालवायला झूम केलं की वरचं-खालचं कापलं जातं आणि या सिनेमांत जिन्यावरचे पाय, दाराच्या फटीखालचा उजेड, छताची सावली हे सगळं नेमकं वर आणि खालीच असतं. ताणून रुंद केलं तर माणसं बुटकी दिसतात, तेही नको.

३. बॉम्ब टेबलाखाली आहे हे लक्षात ठेवा

आता त्या "स्लो" चं काय ते बघू. सस्पेन्सचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक, त्यानं फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत एक उदाहरण सांगितलंय. माणसं टेबलाशी बसून गप्पा मारतायत आणि अचानक खालचा बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाला आधीच दाखवला, एक वाजता फुटणार हेही सांगितलं, आणि भिंतीवरचं घड्याळ पाऊण दाखवतंय, तर त्याच फालतू गप्पा आता पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात.

आजचे बरेचसे थ्रिलर धक्क्यावर चालतात, दर थोड्या वेळाने एक. हे सिनेमे टांगणीवर चालतात. त्यामुळे बघताना "काही होत नाहीये" असं वाटलं की स्वतःला विचारा, बॉम्ब कुठाय? मला काय माहीत आहे जे या पात्राला माहीत नाही? बहुतेक वेळा उत्तर असतंच आणि ते सापडलं की तोच संथ सीन छातीवर येतो.

हिचकॉकच्याच "नोटोरियस" मधली (१९४६) पार्टी हा याचा सगळ्यात सुंदर धडा आहे. इन्ग्रिड बर्गमनच्या मुठीत तळघराची, नवऱ्याकडूनच चोरलेली किल्ली आहे. कॅमेरा जिन्याच्या वरून, अख्खा गर्दीचा दिवाणखाना दाखवत दाखवत एका सलग शॉटमध्ये खाली येतो तो थेट त्या मुठीतल्या किल्लीपर्यंत. आणि वर बर्फात ठेवलेल्या शॅम्पेनच्या बाटल्या एकेक कमी होत चालल्यात, संपल्या की नवऱ्याला किल्ली घेऊन तळघरात जावंच लागणार. पार्टीतली माणसं काय करतायत तर फक्त पितायत. पण प्रत्येक उघडलेली बाटली म्हणजे घड्याळाचा एक ठोका. त्या जागी मी आजही पुढे सरकून बसते.

४. पहिले सिनेमे आपल्या ओळखीच्या गाण्यांवरून निवडा

थेट हॉलिवूडवर उडी मारू नका. आपल्याकडे सोपा दरवाजा आहे आणि त्याची चावी रेडिओनं आपल्याला केव्हाच देऊन ठेवलीय. आई-आजीबरोबर ऐकलेली, अगदी पाठ असलेली गाणी सस्पेन्स सिनेमांतली आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

*पहिला : वो कौन थी (१९६४).* "लग जा गले" आज लग्नाच्या संगीतात गातात. सिनेमात ते साधना गातेय आणि समोरच्या मनोज कुमारला कळत नाहीये की ही आपली बायको आहे, की अजून कुणी, की माणूस तरी आहे का. तेच गाणं, तीच चाल, पण अंगावर काटा येतो. मदन मोहन यांची चाल जितकी मऊ तितकी भीती जास्त. सुरुवातीला पावसाळी रात्री गाडीत लिफ्ट घेणारी पांढऱ्या साडीतली बाई आहे, वायपर बंद पडतात, समोरचं काही दिसत नाही आणि ती मात्र रस्ता सांगत राहते. एवढ्यावरच माझ्या घरचे गप्प झाले होते. दिग्दर्शक राज खोसला, आणि कॅमेरामन के. एच. कापडिया यांना यासाठी कृष्णधवल छायाचित्रणाचं फिल्मफेअर मिळालंय.

*दुसरा : बीस साल बाद (१९६२).* "कहीं दीप जले कहीं दिल" चा. हेमंत कुमार यांनी संगीतही दिलं आणि निर्मितीही केली. शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिलच्या गोष्टीचा सांगाडा घेऊन तो आपल्या मातीत, वाड्यात आणि दलदलीत आणलाय. लताबाईंना या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं. हा आवडला तर त्याच दिग्दर्शकाचा, बिरेन नाग यांचा "कोहरा" (१९६४) लगेच लावा, तो "रेबेका" कादंबरीवरून घेतलेला आहे. त्यात वहिदा रहमान आहेच पण बघायची ती आपल्या येवल्याची ललिता पवार. रामायणातली मंथरा म्हणून जिला ओळखलं ती बाई इथे वाड्यात नुसती उभी राहते आणि पुरे होतं.

*तिसरा : सी.आय.डी. (१९५६).* इथे भूत नाही, मुंबई आहे. एका संपादकाचा खून आणि देव आनंद इन्स्पेक्टर. वहिदाचा हा पहिला हिंदी सिनेमा. "ये है बॉम्बे मेरी जान" सगळ्यांना माहीत असतं, पण मला जास्त आवडतं "कहीं पे निगाहें कहीं पे निशाना", कारण तिथे गाणं म्हणजे मध्येच आलेला विश्रांतीचा तुकडा नाही, गाणं चालू आहे तेवढ्या वेळात हिरोला निसटायचंय आणि खलनायकाची नजर गाणाऱ्या बाईवर खिळून राहायला हवीय. हिंदी सिनेमातली गाणी सस्पेन्सचा वेग मारतात असं जे म्हणतात त्यांना हे एक दाखवा.

*चौथा : कानून (१९६०).* आणि ज्यांना गाणी नकोतच त्यांच्यासाठी बी. आर. चोप्रांचा हा, एकही गाणं नाही, त्या काळात हे किती धाडसाचं होतं बघा. सुरुवातच अशी की कोर्टात उभा असलेला माणूस विचारतो, ज्याच्या खुनाची शिक्षा मी आधीच भोगून आलोय त्याला आता खरंच मारलं तर मला पुन्हा शिक्षा कशी देणार?

*पाचवा : महल (१९४९).* वयानं सगळ्यात जुना आणि चालीनं सगळ्यात संथ, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलाय. हा पहिला लावलात तर कदाचित अर्ध्यात सोडाल, चार बघून झाल्यावर लावलात तर सोडवणार नाही. "आएगा आनेवाला" चा आवाज लांबून जवळ येतो ना, त्यासाठी लताबाई माइकपासून दूर उभ्या राहून गात गात जवळ आल्या होत्या. रेकॉर्डवर तेव्हा गायिकेचं नाव होतं कामिनी, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं!

मराठीत *पाठलाग (१९६४)*. राजा परांजपे यांचा, काशिनाथ घाणेकर आणि भावना, जयंत देवकुळे यांच्या "आशा परत येते" या कादंबरीवरून. मेलेल्या बायकोसारखी हुबेहूब दिसणारी बाई समोर येते आणि तिथून जो गुंता सुरू होतो तो शेवटपर्यंत. "या डोळ्यांची दोन पाखरे" यातलंच, आशाबाईंच्या आवाजात. आता एक गंमत करा, यावरून राज खोसलांनीच दोन वर्षांनी "मेरा साया" केला, रंगीत. दोन्ही एका आठवड्यात बघा. मेरा साया झकासच आहे, गाणी तर विचारूच नका, पण त्यात डोळा दागिन्यांकडे, उदयपूरच्या महालांकडे जातो आणि पाठलागमध्ये चेहऱ्यावरून हलतच नाही. ब्लॅक अँड व्हाईटचं नक्की काय जमून येतं हे मी शंभर वाक्यांत सांगू शकणार नाही ते या जोडीनं एकदम कळतं.

गोव्याच्या मंडळींसाठी एक जास्तीचा, गुरुदत्तचा "जाल" (१९५२). गोष्ट गोव्यातल्या ख्रिस्ती कोळ्यांच्या वस्तीतली, तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता, आणि देव आनंद चक्क स्मगलर. रहस्य फार नाही पण समुद्र, रात्र आणि "ये रात ये चाँदनी" आहे.

५. उजेड कुठून येतोय ते बघायची सवय लावा

पाच-सहा सिनेमे झाले की हा व्यायाम करा. कुठलाही एक सीन घ्या, आवाज बंद करा, आणि फक्त एवढंच बघा की उजेड कुठून येतोय आणि काय अंधारात ठेवलंय.

रंगीत सिनेमात लाल साडी किंवा हिरवं दार आपोआप लक्ष ओढून घेतं. इथे रंग नाही, त्यामुळे तुमची नजर कुठे जायची हे सगळं उजेडावर ठरतं आणि कॅमेरामन अक्षरशः तुमचा हात धरून फिरवतो. चेहऱ्याची एकच बाजू उजळलेली असेल तर त्या माणसावर विश्वास ठेवायचा का हा प्रश्न तुमच्या मनात आधीच पेरला गेलेला असतो, संवाद नंतर येतो. खिडकीच्या झडपांच्या आडव्या सावल्या अंगावर पडल्या की कैद्यासारखं दिसतं, माणूस अजून मोकळा फिरतोय तरी.

ही पद्धत आपल्याकडे आली त्यात जर्मन माणसांचा थेट हात आहे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये जर्मन कॅमेरामन जोसेफ विर्शिंग होते, महल त्यांनीच शूट केला. त्या वाड्यातली झुंबरं, हलणाऱ्या सावल्या, पाण्यावरचं धुकं बघताना हे लक्षात ठेवा. दुसरं मोठं नाव व्ही. के. मूर्ती, गुरुदत्तचे कॅमेरामन, सी.आय.डी. आणि जाल दोन्ही त्यांचे, आणि दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले पहिले कॅमेरामन. ऑस्करमध्येही १९६६ च्या सिनेमांपर्यंत कृष्णधवल छायाचित्रणाला वेगळं बक्षीस होतं, म्हणजे ही स्वस्तातली सोय नव्हती, वेगळी कला म्हणूनच मोजली जायची.

सायकोच्या (१९६०) वेळी तर रंग हाताशी होते आणि हिचकॉक आधीपासून रंगीत सिनेमे करत होता. तरी ब्लॅक अँड व्हाईट निवडलं, खर्च कमी हे एक कारण आणि बाथरूममधलं रक्त लाल दाखवलं असतं तर लोकांना ते सोसलं नसतं हे दुसरं. पडद्यावर जे रक्त वाहतं ते चॉकलेट सिरप आहे. बर्नार्ड हर्मननं संगीत फक्त तंतुवाद्यांवर केलं, एक ढोल नाही, एक तुतारी नाही.

६. आता बाहेरचे सिनेमे, या क्रमाने

*स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन (१९५१).* गाडीत भेटलेला अनोळखी माणूस म्हणतो, तू माझा माणूस मार, मी तुझा मारतो, कुणालाच कारण सापडणार नाही. पहिल्या वीस मिनिटांत पकड घेतो म्हणून नवख्यांना सगळ्यात आधी हाच.

*द हिच-हायकर (१९५३).* जेमतेम सव्वा तासाचा. दिग्दर्शक आयडा लुपिनो, त्या काळच्या हॉलिवूडमध्ये दिग्दर्शन करणाऱ्या अगदी मोजक्या बायकांपैकी. मासेमारीला निघालेले दोन मित्र लिफ्ट देतात तो खुनी निघतो. त्याचा एक डोळा मिटतच नाही, झोपेतसुद्धा. तो झोपलाय की जागा हेच कळत नाही तर पळायचं कधी? अमेरिकेत याचा कॉपीराइट उरलेला नाही, त्यामुळे इंटरनेट आर्काइव्ह या मोफत साइटवर सरळ बघता येतो. फ्रित्झ लँगचा "स्कार्लेट स्ट्रीट" (१९४५), ऑर्सन वेल्सचा "द स्ट्रेंजर" (१९४६) आणि "डीटूर" (१९४५) हेही तसेच मोकळे.

*डबल इंडेम्निटी (१९४४).* विमा एजंट, एक बाई, तिचा नवरा. खुनी सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो, पैशासाठी आणि बाईसाठी मारलं आणि दोन्ही मिळालं नाही. तरीही पुढचे पावणेदोन तास तुम्ही हलत नाही, कारण प्रश्न "कोण" हा नाहीच, तर "कसे सापडले" हा आहे.

*द थर्ड मॅन (१९४९).* युद्धानंतर चार फौजांनी वाटून घेतलेलं व्हिएन्ना, रात्रीचे रस्ते मुद्दाम पाणी मारून ओले केलेले म्हणजे उजेड चमकेल, कॅमेरा तिरका, आणि संगीताला अँटन कारासचं एकटं झिदर नावाचं तंतुवाद्य. इथे एक सूचना, जर्मन बोलणाऱ्यांच्या वाक्यांना बऱ्याच ठिकाणी सबटायटल नाहीत, ती हरवलेली नाहीत, मुद्दामच दिलेली नाहीत. नायकाला जर्मन येत नाही, म्हणून तुम्हालाही कळू द्यायचं नाहीये. वेगळी फाईल शोधत बसू नका.

*ले दियाबोलिक (१९५५)* आणि *रिफिफी (१९५५)*, दोन्ही फ्रेंच. पहिल्याबद्दल एक अक्षर सांगणार नाही. रिफिफीत साधारण अर्धा तासाची चोरी आहे, एकही संवाद नाही, संगीत नाही, फक्त हातोडी, श्वास आणि कापडाची सळसळ. हा रात्री अकरानंतर बघा, पंख्याचा आवाजसुद्धा नकोसा होईल.

मग जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा *हाय अँड लो (१९६३)*, पूर्ण ब्लॅक अँड व्हाईट पण एकाच जागी रंग येतो, कुठे ते तुम्हीच बघा. आणि लँगचा *एम (१९३१)*, ज्यात खुनी दिसायच्या आधी त्याची शीळ ऐकू येते. ती शीळ खुद्द लँगनं घातलेली आहे.

काय पहिलं बघू नये तेही सांगते. सायको नको, त्याचं सगळं आधीच कानावर पडलेलं असतं, त्याला तुमची तयारी झाल्यावर भेटा. आणि "द बिग स्लीप" (१९४६) तर अजिबात नको. फार नाव ऐकाल त्याचं, सिनेमा देखणा आहे, पण कथानक एवढं गुंतागुंतीचं की त्यातल्या ड्रायव्हरला कुणी मारलं हे मूळ कादंबरीच्या लेखकालाही सांगता आलं नव्हतं. नवखा माणूस तिथे स्वतःलाच दोष देतो आणि परत फिरकत नाही.

७. शेवट "ठरलेला" का वाटतो

आठ-दहा अमेरिकन सिनेमे झाले की तुम्हाला जाणवेल की गुन्हेगार शेवटी सुटत नाही, कधीच नाही. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून निर्मात्यांची आचारसंहिता कडक लागू झाली, हेज कोड म्हणतात तिला, १९६८ पर्यंत कागदोपत्री टिकली. गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे, शरीरसंबंध दाखवायचे नाहीत, हिंसा तपशिलात नको, असं बरंच काही.

यामुळे कंटाळू नका, उलट इथेच त्यांचं कसब आहे. दाखवता येत नाही म्हणून सगळं सुचवायला लागलं, बंद झालेलं दार, विझवलेली सिगारेट, एक अर्धवट वाक्य. शेवट काय होणार हे माहीत असतानाही तुम्ही त्या खुन्याच्या बाजूने धडधडत बसता, अरे पोलीस आले, लपव ना ते! हे ज्या दिग्दर्शकाला जमलं तो मोठा.

८. शेवट फुटू देऊ नका

- सिनेमा बघायच्या आधी विकिपीडिया उघडू नका. साल आणि दिग्दर्शक बघायलाही नको, नजर कथानकावर जातेच.
- यूट्यूबवर बघताना खालच्या कॉमेंट बंद ठेवा. तिथे पहिलीच कॉमेंट खुनी कोण ही असते, हमखास.
- सिनेमातली सगळी गाणी आधी सुटी बघू नका, ऐका फक्त. काही गाण्यांच्या व्हिडिओत कोण जिवंत आहे ते कळून जातं.
- नवीन माणसाला दाखवताना "आता बघ हं" म्हणू नका. याचा मला सर्वात जास्त राग येतो.

हा हट्ट आजचा नाही. ले दियाबोलिकच्या शेवटी पडद्यावर विनंतीच येते की मित्रांना सांगू नका, "विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन" (१९५७) संपल्यावरही तीच विनंती आवाजात केलीय, आणि सायकोला तर सिनेमा सुरू झाल्यावर थिएटरात शिरूच देत नव्हते.

९. यानंतर कुठे जायचं

आवडलेल्यांपैकी एक सिनेमा महिन्याभरानं परत बघा, शेवट माहीत असताना. आता लक्ष ठेवायचं ते खोटं बोलणाऱ्या पात्रावर. वो कौन थी दुसऱ्यांदा बघताना तर मी निम्मा वेळ बाजूला उभ्या असलेल्या माणसांकडेच बघत होते, मधल्या माणसाकडे नाही.

आणि जमेल तेव्हा मोठ्या पडद्यावर बघा. पुण्यात लॉ कॉलेज रोडला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ पासून, तिथे अधूनमधून जुन्या सिनेमांचे खेळ होतात, त्यांच्या घोषणांवर लक्ष ठेवा. मुंबईत प्रभात चित्र मंडळ, पुण्यात आशय फिल्म क्लब अशा फिल्म सोसायट्या आहेत, सभासद व्हायचं असेल तर सध्याची फी आणि नियम त्यांनाच विचारा. परदेशात असाल तर गावातल्या सार्वजनिक लायब्ररीत डीव्हीडीचं कपाट तपासा, तिथे नीट दुरुस्त केलेल्या प्रिंट फुकट मिळायची शक्यता चांगली असते. आणि फिल्म सोसायटीत पहिल्यांदा गेलात की खेळ संपल्यावर लगेच निघू नका, पाच मिनिटं बाहेर थांबा, तिथे जी जुनी मंडळी रेंगाळत असतात त्यांना एवढंच विचारा, "आज हा आवडला, आता पुढचा कुठला बघू?"